चिंचोळ्या पाण्यातली सत्ता : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात सागरी व्यापारावर आलेल्या टिपणात सामुद्रधुन्यांचा ओझरता उल्लेख होता, आणि त्यात ‘होर्मुझ बंद झाली तर जगाचे तेल अडेल’ असे एक वाक्य आम्ही लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे वाचल्यावर ते वाक्य घाईने लिहिले गेले होते, हे मान्य करायला हवे. पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

जगात कितीतरी सामुद्रधुन्या आहेत. मग बातम्यांत होर्मुझ, मलाक्का, बाब-एल-मांदेब अशी मोजकीच नावे का येतात? अरुंदपणा हेच कारण असेल, तर त्यांच्याहून अरुंद जागा नकाशावर पुष्कळ दिसतात.
— भूगोलाच्या एक शिक्षिका

नकाशावरची रुंदी फसवी असते. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणीसुद्धा तीस किलोमीटरहून अधिक रुंद आहे, पण मोठ्या तेलवाहू जहाजांनी ते सगळे पाणी वापरायचे नसते. ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पाला वळसा घालून जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन वाटा तिथे आखून दिल्या आहेत. प्रत्येक वाट दोन सागरी मैल, म्हणजे सुमारे पावणेचार किलोमीटर रुंद, आणि टक्कर टळावी म्हणून दोन्हींच्या मध्ये तेवढाच मोकळा पट्टा. 2024 मध्ये या वाटेने दररोज सरासरी 2 कोटी बॅरल तेल आणि तेलजन्य पदार्थ बाहेर पडत होते. जगाच्या रोजच्या वापराचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होतो.

तरीही एखाद्या सामुद्रधुनीचे महत्त्व मोजायचे असेल, तर आम्ही आधी तिचा पर्याय पाहू. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-एल-मांदेब टाळायची असेल तर आफ्रिकेला वळसा घालता येतो. तो लांबचा आणि खर्चाचा आहे, पण आहे. मलाक्का टाळून इंडोनेशियाच्या बेटांमधून जाता येते. होर्मुझला मात्र समुद्रातून दुसरी वाटच नाही. इराणचे आखात ही पिशवी मानली तर होर्मुझ हे तिचे एकुलते एक तोंड आहे. सौदी अरेबियाची तांबड्या समुद्रावरील यान्बू बंदरापर्यंत जाणारी आणि संयुक्त अरब अमिरातींची फुजैरापर्यंत जाणारी अशा दोन तेलवाहिन्या या तोंडाला बगल देतात. परंतु अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या अंदाजानुसार त्यांत उरलेली मोकळी क्षमता दिवसाला 26 लाख बॅरलच्या आसपास होती. दोन कोटींपुढे सव्वीस लाख, एवढाच तो हिशेब आहे. कतारच्या द्रवरूप नैसर्गिक वायूला तर तीही सोय नाही.

पलीकडे काय आहे, हाही प्रश्न असतोच. जगातील मालाचा सुमारे 80 टक्के भाग वजनाच्या हिशेबाने समुद्रावरून जातो. ज्या चिंचोळ्या पाण्यापलीकडे तेलाचे साठे, धान्याचे कोठार किंवा कारखान्यांचा प्रदेश असतो, तेच पाणी बातम्यांत येते.

‘सामुद्रधुनी बंद केली’ म्हणजे नेमके काय केले? समुद्राला फाटक लावता येत नाही, आणि मोठ्या आरमारापुढे लहान देश किती दिवस टिकणार?
— दोन वाचकांचा सारख्याच आशयाचा प्रश्न

ज्या वाक्याची कबुली आम्ही वर दिली, ते याच जागी चुकले होते. ‘बंद’ हा शब्द वाचला की आडव्या लावलेल्या युद्धनौकांची रांग डोळ्यांसमोर येते. गेल्या चाळीस वर्षांत जे घडले ते असे नव्हते.

इराण-इराक युद्धात 1984 पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या तेलव्यापारावर पद्धतशीर हल्ले सुरू केले. या ‘टँकर युद्धा’त पाचशेहून अधिक व्यापारी जहाजांना फटका बसला आणि चारशेहून अधिक खलाशी मारले गेले. एवढे होऊनही आखातातून तेल बाहेर पडत राहिले, कारण जहाजमालकांना भाव मिळत होता, विमा महाग झाला तरी मिळत होता, आणि महाकाय तेलवाहू जहाज एका क्षेपणास्त्राने सहसा बुडत नाही.

1987 मध्ये कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर अमेरिकेचा ध्वज चढवून त्यांना आरमारी संरक्षण देण्याचे ठरले. पहिल्याच ताफ्यातील ‘ब्रिजटन’ हे सुमारे चार लाख टनांचे जहाज 24 जुलै 1987 रोजी फारसी बेटाजवळ पाणसुरुंगावर आदळले. त्याच्या पोटाला मोठे भगदाड पडले, पण जहाज चालत राहिले. त्यानंतर जे झाले ते आम्हाला या सगळ्या विषयातील सर्वांत बोलके दृश्य वाटते. रक्षणासाठी आलेल्या युद्धनौका त्या जखमी व्यापारी जहाजाच्या मागे एका रांगेत लागल्या, कारण पुढचा सुरुंग फुटलाच तर तो सोसण्याची ताकद त्यांच्या पातळ पत्र्यापेक्षा तेलवाहूच्या अवाढव्य सांगाड्यात जास्त होती. ज्याचे रक्षण करायचे तेच ढाल झाले.

पुढच्या वर्षी, 14 एप्रिल 1988 रोजी, ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही अमेरिकी युद्धनौका अशाच एका सुरुंगाने जवळजवळ दुभंगली. रात्रभर झगडून खलाशांनी ती तरंगती ठेवली. दुरुस्तीला सुमारे 9 कोटी डॉलर लागले. सुरुंगाचा मूळ आराखडा 1908 सालचा होता आणि त्याची किंमत हजार-दीड हजार डॉलरच्या पलीकडे नव्हती. ‘लहान देश किती दिवस टिकणार’ या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत बरेचसे मिळते. लहान देशाला पाणी ताब्यात ठेवावे लागत नाही. तिथून जाणाऱ्याच्या मनातला भरवसा मोडला तरी त्याचे काम होते.

2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हेच अधिक ठळकपणे दिसले. 19 नोव्हेंबर रोजी येमेनच्या हुथी या सशस्त्र गटाने ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतले, आणि त्यानंतर ड्रोन व क्षेपणास्त्रांचे हल्ले सुरू झाले. बाब-एल-मांदेब कोणीही ‘बंद’ केली नव्हती. त्या काळातही काही जहाजे तिथून जातच होती. पण कंटेनर वाहतुकीतील बहुतेक बड्या कंपन्यांनी काही आठवड्यांतच आपली जहाजे आफ्रिकेच्या टोकाकडे वळवली.

हा निर्णय खरे तर विम्याच्या टेबलावर होतो. युद्धजोखमीचा विमा नेहमीच्या विम्याहून वेगळा असतो, आणि धोक्याच्या प्रदेशात शिरताना त्यासाठी प्रत्येक फेरीचा जादा हप्ता भरावा लागतो. कोणता प्रदेश धोक्याचा मानायचा याची यादी लंडनच्या विमा बाजारातील ‘जॉइंट वॉर कमिटी’ ठेवते. 2024 च्या आरंभी तांबड्या समुद्रासाठी हा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला होता. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीसाठी दहा लाख डॉलर, आणि ही रक्कम इंधन, पगार, कालव्याचा कर यांच्या वर. दुसऱ्या पारड्यात आफ्रिकेच्या वळशाचे दहा ते चौदा दिवस आणि तेवढे इंधन ठेवायचे. दोन्ही पारडी सारखी झाली की जहाज वळते, आणि त्या क्षणी वाट बंद झाली असे समजावे, मग तिथे एकही युद्धनौका आडवी नसली तरी चालेल.

काठावरच्या देशांना एवढे महत्त्व असेल, तर ते जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून पथकर का घेत नाहीत? सुएझ आणि पनामा तर घेतात.
— वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी

घेत होते, आणि शतकानुशतके घेत होते. बाल्टिक समुद्राच्या तोंडाशी ओरेसुंद ही सामुद्रधुनी आहे. हेलसिंगोर येथे ती जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. 1429 च्या सुमारास डेन्मार्कच्या राजाने तिथून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला थांबून कर भरण्याची सक्ती केली. काठावर क्रोनबोर्गचा किल्ला होता आणि न थांबणाऱ्यासाठी त्यावर तोफा होत्या. पुढे हा कर मालाच्या किमतीवर बसवला गेला. आता मालाची किंमत खरी सांगितली की खोटी, हे कसे तपासायचे? प्रत्येक जहाज उपसणे अशक्य होते. डेन्मार्कने काढलेली तोड फार हुशारीची होती. किंमत कप्तानानेच सांगायची, पण सांगितलेल्या किमतीला तो सगळा माल विकत घेण्याचा हक्क राजाने आपल्याकडे ठेवला. किंमत कमी सांगावी तर माल मातीमोल जाण्याची भीती, जास्त सांगावी तर कर वाढणार. त्यामुळे कप्तानाला खरे बोलणेच परवडे.

हा कर 1857 पर्यंत चालला. अमेरिकेने तो भरणार नाही असे बजावले, इतर व्यापारी राष्ट्रांनाही तो जाचत होता, आणि शेवटी कोपनहेगन येथील कराराने डेन्मार्कला एकरकमी भरपाई देऊन तो कायमचा रद्द करण्यात आला. नैसर्गिक सामुद्रधुनी कोणी बांधलेली नसते, म्हणून केवळ तिच्यातून गेल्याबद्दल पैसे मागता येत नाहीत, हा दंडक पुढे पक्का होत गेला. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने प्रादेशिक समुद्रापुरते ते स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. प्रत्यक्ष सेवा दिली असेल तरच तिचा मोबदला घेता येतो.

सेवेच्या या फटीतून काही देश थोडेफार वसूल करतात. बॉस्पोरस आणि दार्दानेल्स या आपल्या सामुद्रधुन्यांसाठी तुर्कस्तानला 1936 च्या माँत्रो करारानुसार दीपगृह, बचाव आणि आरोग्य तपासणी यांचे शुल्क घेता येते. ते सोन्याचा फ्रँक या जुन्या हिशेबी चलनात ठरलेले होते आणि त्याचा विनिमयदर अनेक दशके गोठून राहिला होता. 2022 मध्ये तुर्कस्तानने तो बदलून शुल्क टनामागे 80 सेंटवरून 4 डॉलर केले. मलाक्काच्या काठावरील इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांना दीपगृहे व खुणेची तरंडी सांभाळण्याचा खर्च वर्षानुवर्षे सोसावा लागतो. त्याचा भार वापरणाऱ्यांनीही काही प्रमाणात उचलावा म्हणून 2007 मध्ये एक सहकार्य यंत्रणा उभी राहिली, पण तिच्या निधीत पैसे देणे ऐच्छिक आहे. आमच्या मते या तीन देशांची तक्रार रास्त आहे. जगाचा व्यापार त्यांच्या दारातून जातो आणि अपघातात तेल सांडले तर ते त्यांच्याच किनाऱ्याला लागते.

कालव्यांचे तसे नाही. ते माणसाने खणले, त्यांची देखभाल कोणाला तरी करावी लागते, म्हणून तिथे कर आहे, आणि तो चांगलाच मोठा आहे. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे सुएझचे उत्पन्न 2023 मधील सुमारे 10 अब्ज डॉलरवरून 2024 मध्ये 4 अब्जांवर आले. दुसऱ्याच देशाच्या किनाऱ्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांची किंमत इजिप्तने अशी मोजली. पनामात कर तर आहेच, शिवाय रांगेतील जागेचा लिलावही होतो. तो कालवा गातून तलावाच्या गोड्या पाण्यावर चालतो आणि एक जहाज पार करायला सुमारे 20 कोटी लिटर पाणी समुद्रात सोडून द्यावे लागते. 2023 च्या दुष्काळात रोजच्या जहाजांची संख्या छत्तीसवरून बावीसपर्यंत घटवावी लागली, आणि त्या नोव्हेंबरमध्ये एका जहाजाने रांग ओलांडण्यासाठी जवळजवळ 40 लाख डॉलर मोजले.

सुएझ कालवा 1967 नंतर आठ वर्षे बंद होता. जग बुडाले नाही. मग आपण सारे या वाटांचा बाऊ तर करत नाही ना?
— एक निवृत्त बँक अधिकारी

आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो अर्धा खरा आहे. जून 1967 च्या युद्धात बंद झालेला कालवा 5 जून 1975 रोजी पुन्हा उघडला. मधल्या काळात चौदा मालवाहू जहाजे त्यातल्या ग्रेट बिटर तलावात अडकून पडली होती. वाळवंटी वाळूचा थर बसून ती पिवळी दिसू लागली, म्हणून त्यांना ‘पिवळा ताफा’ म्हणू लागले. कालवा उघडल्यावर त्यांपैकी फक्त दोन जर्मन जहाजे स्वतःच्या इंजिनावर हॅम्बुर्गला परतली.

जग बुडाले नाही याचे कारण जगाने वाट बदलली, आणि जहाजेही बदलली. आफ्रिकेला वळसा घालायचाच असेल तर एका फेरीत शक्य तेवढे जास्त तेल नेणे फायद्याचे, म्हणून महाकाय तेलवाहू जहाजांच्या बांधणीला त्या काळात जोर आला. कालवा उघडला तेव्हा त्यांतली कित्येक त्यात मावत नव्हती. म्हणजे बंद वाटेचा परिणाम वाट उघडल्यावरही राहिला.

परंतु वाट बदलायला वेळ लागतो, आणि दुखापत होते ती त्या वेळात. 1967 मध्ये गोदामांत माल साठवून ठेवण्याची रीत होती. आज कारखान्यात लागणारा सुटा भाग लागेल त्याच आठवड्यात येऊन पडतो, साठा जवळजवळ नसतो. म्हणूनच 23 मार्च 2021 रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे 400 मीटर लांबीचे जहाज कालव्यात तिरके अडकले तेव्हा अवघ्या सहा दिवसांत चारशेच्या आसपास जहाजे खोळंबली, आणि ते सुटल्यानंतरही युरोपच्या बंदरांतील गर्दी ओसरायला बराच काळ लागला. शिवाय वळशाची झळ सर्वांना सारखी लागत नाही. श्रीमंत देश महाग तेल विकत घेऊ शकतो. जो देश गहू आणि खत आयात करून जगतो, त्याच्यासाठी भाडेवाढ ही थेट ताटातली घट असते. यात बाऊ आहे असे आम्हाला वाटत नाही.

दुसऱ्या देशाच्या हद्दीतील पाण्यातून युद्धनौका जाऊ शकतात का? मग तुर्कस्तानने 2022 मध्ये रशियाच्या नौका कशा अडवल्या?
— कायद्याची एक अभ्यासक

या प्रश्नामागे बरीच मोठी न्यायालयीन आणि राजनैतिक लढाई आहे. 22 ऑक्टोबर 1946 रोजी अल्बेनियाच्या किनाऱ्याजवळील कॉर्फूच्या सामुद्रधुनीतून जाताना ‘सॉमारेझ’ आणि ‘व्होलाज’ या दोन ब्रिटिश विनाशिकांना सुरुंग लागले आणि 44 नाविक मरण पावले. आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आलेला हा पहिलाच वाद. 9 एप्रिल 1949 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, दोन खुल्या समुद्रांना जोडणाऱ्या आणि आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या वापरात असलेल्या सामुद्रधुनीतून शांततेच्या काळात युद्धनौकांनाही निरुपद्रवीपणे जाण्याचा हक्क आहे, आणि आपल्या पाण्यातील सुरुंगांची कल्पना न दिल्याबद्दल अल्बेनिया जबाबदार आहे. त्याच निकालात ब्रिटनलाही खडे बोल होते. नंतर परवानगीशिवाय अल्बेनियाच्या पाण्यात शिरून सुरुंग काढणे हा सार्वभौमत्वाचा भंग ठरवला गेला.

पुढे देशांची सागरी हद्द तीन मैलांवरून बारा मैलांवर नेण्याची मागणी जोर धरू लागली. तसे झाल्यावर शंभराहून अधिक सामुद्रधुन्या पूर्णपणे कोणाच्या ना कोणाच्या हद्दीत जाणार होत्या. बड्या आरमारी सत्तांनी बारा मैल मान्य केले, पण त्याबदल्यात 1982 च्या करारात पारगमनाचा वेगळा हक्क घालून घेतला. त्यानुसार अशा सामुद्रधुनीतून सतत आणि विनाविलंब जाणाऱ्या जहाजाला किंवा विमानाला काठावरचा देश अडवू शकत नाही आणि हा हक्क तात्पुरता स्थगितही करू शकत नाही. पेच असा की, इराणने करारावर सही केली पण त्याला संसदेची मान्यता दिली नाही, आणि अमेरिकेने तर सहीच केलेली नाही. पारगमनाचा लाभ करार मानणाऱ्यांनाच, असे इराण म्हणतो. हा सर्वमान्य रूढ कायदा आहे, असे अमेरिका म्हणते. होर्मुझमध्ये प्रत्येक वेळी समोरासमोर येतात ती ही दोन वाचने.

तुर्कस्तानचे प्रकरण वेगळे आहे, कारण जुन्या स्वतंत्र करारांनी बांधलेल्या सामुद्रधुन्या 1982 च्या व्यवस्थेतून वगळल्या आहेत. माँत्रो करारानुसार काळ्या समुद्राच्या काठावर नसलेल्या देशाची युद्धनौका तिथे 21 दिवसांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, आणि अशा नौकांच्या एकूण वजनावरही मर्यादा आहे. युद्ध पेटले आणि तुर्कस्तान त्यात नसला, तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद करायची, असे 19 वे कलम सांगते. मूळ तळावर परतणाऱ्या नौकेचा तेवढा अपवाद. 28 फेब्रुवारी 2022 रोजी तुर्कस्तानने हेच कलम लावले. एप्रिलमध्ये रशियाची ‘मॉस्क्वा’ ही ध्वजनौका काळ्या समुद्रात बुडाली, तेव्हा दुसऱ्या ताफ्यातील तशीच नौका आणून ती जागा भरणे रशियाला शक्य झाले नाही. शहाऐंशी वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका कलमाने युद्धाच्या बेरजेत एवढा फरक पाडला.

व्यापारी जहाजांना मात्र ती वाट खुलीच असते, पण सोपी नसते. बॉस्पोरस सुमारे 31 किलोमीटर लांब आहे आणि एका ठिकाणी केवळ 700 मीटर रुंद. वरचे पाणी काळ्या समुद्राकडून दक्षिणेला वाहते, खालचे त्याच्या उलट. येनिक्यॉयजवळ जहाजाला जवळजवळ काटकोनात वळावे लागते आणि वळणापलीकडून येणारे जहाज तोपर्यंत दिसत नाही. दोनशे मीटरहून लांब जहाजांना म्हणूनच फक्त दिवसाउजेडी सोडतात. दोन्ही काठांवर इस्तंबूलची लाखोंची वस्ती आहे, आणि घरांच्या खिडक्यांसमोरून तेलाने भरलेले जहाज सरकत असते.

‘मलाक्काचा पेच’ असा शब्दप्रयोग वाचला. तो काय आहे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओ यांनी 2003 च्या नोव्हेंबरमध्ये मांडलेल्या चिंतेला हे नाव पडले. चीनच्या आयात तेलाचा मोठा भाग मलाक्कातून येतो, आणि ती वाट संकटकाळी दुसऱ्या कोणाच्या तरी आरमाराच्या हातात असेल, अशी ती चिंता होती. सिंगापूरजवळच्या फिलिप्स चॅनेलमध्ये हे पाणी तीन किलोमीटरपेक्षाही अरुंद होते आणि उथळही आहे. खोल बुडणाऱ्या जहाजांच्या तळाखाली किमान साडेतीन मीटर पाणी राहिलेच पाहिजे असा तिथला नियम आहे, त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ गाठून ही जहाजे पुढे काढावी लागतात. वर्षाला ऐंशी हजारांहून अधिक जहाजे या वाटेने जातात. तिच्या पश्चिम तोंडाशी भारताचे ग्रेट निकोबार बेट आहे, हेही या पेचातले एक प्यादे आहे.

चीनने म्यानमारमधून कुनमिंगपर्यंत तेलवाहिनी टाकली. 2017 पासून ती चालू आहे. तिची क्षमता वर्षाला 2 कोटी 20 लाख टन, म्हणजे दिवसाला सुमारे साडेचार लाख बॅरल. 2023 मध्ये चीनची आयात दिवसाला एक कोटी बॅरलच्या वर होती. एवढ्याने पेच सुटत नाही. पण आमच्या मते या पेचाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. मलाक्का अडवली तर चीनबरोबर जपान आणि दक्षिण कोरियाही अडकतात, सिंगापूरचे तर पोटच त्या वाटेवर आहे. इंडोनेशियाच्या बेटांमधली लोम्बोकची सामुद्रधुनी खोल आहे आणि तिथून जायला दोन-तीन दिवसच जास्त लागतात. तेव्हा अडवणाऱ्याला एक नव्हे, इंडोनेशियातील सगळी दारे अडवावी लागतील, आणि त्यात मित्रांची जहाजेही सापडतील.

आर्क्टिकचा बर्फ वितळतो आहे. उत्तरेकडून वाट झाली की हे सगळे प्रश्न संपतील का?
— एक वाचक

नजीकच्या काळात नाही. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या वाटेवर 2024 मध्ये चार कोटी टनांपेक्षा कमी मालवाहतूक झाली, आणि तीही बहुतांशी रशियाच्याच तेल-वायूची. सुएझमधून चांगल्या वर्षात शंभर कोटी टनांहून जास्त माल जातो. शिवाय ती वाट पूर्वेला संपते बेरिंगच्या सामुद्रधुनीत, जिच्या एका काठावर रशिया आहे आणि दुसऱ्या काठावर अमेरिका.

माझा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. तांबड्या समुद्रातून जायला नकार देण्याचा हक्क त्याला आहे का? नकार दिला तर नोकरी जाईल का?
— एक आई

ताई, आपले पत्र आम्ही सर्वांत आधी वाचले. उत्तर शेवटी आले ते केवळ मांडणीमुळे. धोरण आणि व्यापार यांच्या चर्चेत जहाजावरची माणसे नेहमीच गळतात. ‘गॅलेक्सी लीडर’वरील 25 जणांना चौदा महिने ओलीस ठेवले होते, जानेवारी 2025 मध्ये ते सुटले. ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर 6 मार्च 2024 रोजी झालेल्या हल्ल्यात तीन खलाशी मरण पावले, आणि उरलेल्यांना भारतीय नौदलाच्या ‘कोलकाता’ या युद्धनौकेने वाचवले. हुथी ज्या गाझातील युद्धाचे कारण देत होते, त्याच्याशी यांपैकी कोणाचाही संबंध नव्हता.

हक्काबद्दल सांगायचे तर, खलाशांच्या बाजूने वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि जहाजमालकांचे प्रतिनिधी मिळून ‘इंटरनॅशनल बार्गेनिंग फोरम’ चालवतात आणि धोक्याचे प्रदेश जाहीर करतात. तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग असा जाहीर झाला तेव्हा त्या करारात बसणाऱ्या जहाजांवरील खलाशांना तिथे जाण्यास नकार देण्याचा हक्क मिळाला. नकार देणाऱ्याला कंपनीच्या खर्चाने घरी पाठवावे लागते. जो जातो त्याला त्या दिवसांसाठी मूळ पगाराएवढी जादा रक्कम आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई ठरलेली आहे.

पण प्रत्येक जहाज या करारात नसते. म्हणून मुलाला त्याचा करारपत्राचा कागद नीट वाचायला सांगा. त्यात कोणत्या सामूहिक कराराचा उल्लेख आहे, युद्धप्रदेशाबद्दलचे कलम आहे का, आणि भरपाईची रक्कम आकड्यांत लिहिली आहे का, या तीन गोष्टी त्याने पाहाव्यात, आणि त्या कागदाची एक प्रत आपल्याकडे घरी ठेवावी. नकार द्यायचा झाला तर तो त्या पाण्यात शिरण्यापूर्वीच, लेखी आणि कप्तानाच्या हाती द्यावा. शंका असेल तर जहाज कोणत्याही मोठ्या बंदरात लागल्यावर तिथल्या खलाशी संघटनेच्या निरीक्षकाला भेटता येते. या भेटीसाठी मुलाला काही खर्च येत नाही.